हेकरू

दिवाळ्याच्या बाजारात, नळाजवळच्या ओट्यावर
आईनं नऊ किलोचं हेकरू उघडलं
आणि कोयता मध्येच थांबवला.
"बघ गो, ह्याचा अजून ठरलेला नाय."

आत गाबोळी होती, पण सुकत चाललेली,
आणि तिच्याच कडेनं पांढरं काही
पेजेच्या निवळीइतकं, नुकतं धरू लागलेलं.

मी वाशीला दोन वर्षं प्राणिशास्त्र शिकले.
ह्याला नाव आहे, परीक्षेत लिहिलंय.
ओट्यावर ते आठवलं नाही.

हेकरू मादीच जन्मतं.
बाहेर, खडपावर, अमावास्येच्या अंधारात
एरवी एकेकटी राहणारी ती सगळी जमतात,
पाणी गढूळ होतं,
आणि खसखशीएवढं अंडं
पोटातल्या तेलाच्या एका थेंबावर
तरंगत निघतं, कुणाचंच नसल्यासारखं.
मग पिल्लू: काचेसारखं,
पाठीवर काटा, अंगाच्या मानानं केवढा तरी.
घारापुरीला वळसा घालून भरती त्याला आत आणते,
तिवरांच्या मुळांत,
टेकडी कापून विमानतळ केला तिथल्या चिखलात,
पुलाच्या खांबाला, बुडालेल्या टायरात.
खडक मिळेस्तोवर जे मिळेल त्याला
ते खडक म्हणतं.
कोळंबी खातं, चिंबोरी खातं,
फारच भूक लागली तर भाऊसुद्धा.

हातभर झालं की निघतं बाहेर.
एक बीळ धरतं. तेच, वर्षानुवर्षं.
माझ्या बाबाला, जोमाला, असं एक बीळ माहीत होतं:
पाण्याच्या टाकीवर ताड आला
आणि डावीकडं दीपस्तंभ सुटा दिसला, की खाली.
ही खूण त्यानं भावालाही सांगितली नाही.
आईला सांगितली, दवाखान्यात,
नळी काढून.

तेव्हापासून होडी आई नेते.
बाबाचा चौकड्यांचा सदरा, बाह्या दुमडून.
डिझेलच्या अर्जावर रकाना होता,
'नौकामालक, वडिलांचे / पतीचे नाव',
सोसायटीचा लेखनिक पेन धरून तिच्याकडं बघत राहिला.
"ठमा जोमा कोळी. लिव," ती म्हणाली,
"मालकाच्या जागी पन तेच लिव."

मी म्हणाले, आई, हे तुझ्यासारखंच की.
घरातला मोठा नर गेला
की मोठी मादीच त्याची जागा घेते.
ती हसली नाही.
"मी बायच हाय. हात जाल्याला लागले, येवढाच.
मासली मासलीसारखी, मी माझ्यासारखी."
आणि पाणी ओतलं ओट्यावर, जोरात,
माझ्या चपलांवर उडालं.

मग थोड्या वेळानं, स्वतःशीच:
"जिताड्याचा उलटा असतंय.
तो पैला बाप्या, मंग बाय."
हे तिला कुणी शिकवलं?
चाळीस वर्षांची पोटं.

रात्री मला झोप येईना.
खाडीच्या तोंडाशी, जिथं गोडं आणि खारं
एकमेकांत नीट मिसळत नाही,
तिथं एक जिताडा आणि एक हेकरू
समोरासमोर येत असतील,
एक बाई व्हायला निघालेला,
एक बाईपण मागं ठेवून चाललेली.
बोलत नसतील. माशांना काय बोलायचं असतं.
जरा थबकत असतील कल्ले हलवत,
जसे मापाच्या पाटीपाशी आपण थबकतो
आणि पुढच्याला वाट देतो.

"आज काय?" आईनं सकाळी विचारलं होतं.
"वद्य नवमी."
"म्हंजे भांग. पानी मेलेला."
बोटं मोजली. "सा दिस.
मंग आमुशा. त्या टायमाला बाबाच्या खडपावर
कोनी गल टाकायचा नाय. मी पन नाय."

सीवूड्सचे नायर पिशवी उघडून उभे होते.
तिनं कोयता पुन्हा धरला,
ते न ठरलेलं दोन बोटांनी अलगद काढलं,
मांजराला न देता केळीच्या पानावर ठेवलं,
आणि विचारलं,
"मुंडका आक्खा ठेवू, का दोन करू?"